वाचनालयाच्या संगणकांचे नूतनीकरण : प्रकल्प नोंदी (जून ते नोव्हेंबर २०२५)

सोमवार, ९ जून २०२५

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणली होती. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर तिला मोफत सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत, हे कंपनीने पुष्कळ आधीच जाहीर केले आहे. आपल्या वाचनालयातील सर्व संगणक याच प्रणालीवर चालतात. सभासदांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक, अनामत रकमांचा हिशेब, ग्रंथांची दाखलनोंद आणि अनुदानासाठी पाठवायची विवरणपत्रे या संगणकांवर आहेत. त्यामुळे मुदत उलटल्यावरही ‘चालते आहे तोवर चालू द्या’ असे म्हणणे विश्वस्त या नात्याने आपल्याला शोभणारे नाही. दुसरीकडे, ‘सगळे जुने काढून एकदम नवे घेऊ’ ही मागच्या बैठकीत आलेली सूचनाही मला घाईची वाटते. सार्वजनिक वाचनालयाचा पैसा वर्गणी, देणगी आणि शासकीय अनुदान यांतून येतो. ज्या यंत्राचा एकच भाग अडतो आहे ते सबंध यंत्र मोडीत काढणे हा त्या पैशाचा अपव्यय ठरेल. प्रत्येक यंत्र उघडून, त्यात नेमके काय अडते ते पाहून मगच निर्णय घ्यावा, असे मंडळाने मान्य केले आणि काम माझ्याकडे सोपवले. ग्रंथपाल बाई आणि कार्यालयीन लिपिक सोबत आहेत.

आज साप्ताहिक सुट्टी असल्याने सर्व कॅबिनेट उघडून पाहिली. देवघेव विभागातील संगणकात एएमडीचा रायझन ३ २२००जी प्रोसेसर, ए३२० चिपसेटचा मदरबोर्ड, चार जीबी रॅम आणि एक टीबीची हार्ड डिस्क आहे. कार्यालयात हिशेबाचे काम ज्यावर चालते त्यात इंटेलचा कोअर आय३-८१०० आहे. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या दोन्ही यंत्रांत कोअर आय३-७१०० आणि एच११० मदरबोर्ड असून रॅम चार-चार जीबी आहे. ग्रंथांची तालिका (सूची) पाहण्यासाठी ठेवलेले यंत्र तिसऱ्या पिढीच्या आय३-३२२० चे असून त्यावर विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती आहे. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. बालविभागात देणगीदाखल आलेले कोअर २ ड्युओचे यंत्र आहे. त्याच्या कूलरवर धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसलेला होता आणि पाती जेमतेम फिरत होती.

सर्व यंत्रे ब्लोअरने साफ केली, प्रत्येकावर चिठ्ठी लावली आणि भागांचे क्रमांक जडवस्तू नोंदवहीशी ताडून पाहिले.

सोमवार, १६ जून २०२५

विंडोज ११ च्या अटी वाचायला साध्या आहेत : एक गिगाहर्ट्झ वेगाचा, किमान दोन कोअरचा ६४ बिट प्रोसेसर, चार जीबी रॅम, ६४ जीबी साठा, सिक्युअर बूट (केवळ खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) करू शकणारे यूईएफआय (यंत्र सुरू करणारे नव्या पद्धतीचे मूळ सॉफ्टवेअर), टीपीएम २.० आणि डायरेक्टएक्स १२ चालवू शकणारे ग्राफिक्स. यांपैकी वेग, रॅम आणि साठा यांच्या अटी आपली जवळजवळ सगळी यंत्रे पुरी करतात. खरी अडचण दोन ठिकाणी येते, एक टीपीएम आणि दुसरी प्रोसेसरची पिढी. आणि या दोन्हींचा यंत्राच्या वेगाशी थेट संबंध नाही, हे मंडळातील प्रत्येकाला नीट समजावून सांगणे आवश्यक आहे.

टीपीएम म्हणजे संगणकातील गुप्त किल्ल्या सांभाळणारा स्वतंत्र सुरक्षित भाग. सर्वसाधारण डेस्कटॉपमध्ये त्याची वेगळी चिप बहुधा नसते. इंटेलच्या यंत्रांत पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम या नावाने ती सोय फर्मवेअरमध्येच, म्हणजे यंत्राच्या आत कायम असलेल्या सॉफ्टवेअरमध्येच असते, मात्र पूर्वी विकलेल्या बहुतेक मदरबोर्डांत ती बंद ठेवलेली असे. कार्यालयातील यंत्रावर tpm.msc ही आज्ञा देऊन ‘टीपीएम व्यवस्थापन’ ही खिडकी उघडली, तेव्हा टीपीएम सापडत नाही असा संदेश आला. बायोसमध्ये (यंत्र चालू होताना पहिल्यांदा चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन पीटीटी चालू केल्यावर त्याच खिडकीत आवृत्ती २.० दिसू लागली. ‘या संगणकाला टीपीएम नाही, नवा घ्यावा लागेल’ असा सल्ला पूर्वी एकदा आपल्याला मिळाला होता. तो या यंत्राच्या बाबतीत सर्वस्वी चुकीचा होता.

अभ्यासिकेतील यंत्रांत उलटी गत आहे. तेथेही पीटीटी चालू केल्यावर टीपीएम २.० दिसते, सिक्युअर बूटही होते; तरीसुद्धा मायक्रोसॉफ्टचे तपासणी साधन प्रोसेसर चालणार नाही असे सांगते. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर मान्य आहेत आणि सातव्या पिढीतील अगदी मोजके, उदाहरणार्थ कोअर आय७-७८२०एचक्यू, अपवाद म्हणून घेतले आहेत. आय३-७१०० त्यांत नाही. रोजच्या वापरात हा प्रोसेसर आजही उत्तम काम देतो, म्हणून ही रेषा मला कठोर वाटते. पण रेषा कोठे आखावी हे आपल्या हातात नाही. तिच्या कोणत्या बाजूला कोणते यंत्र आहे हे अचूक जाणून घेणे तेवढे आपल्या हातात आहे.

देवघेवीचे यंत्र सर्वांत फसवे आहे. एएमडीच्या मान्य यादीत रायझनची २००० मालिका आहे आणि २२००जी या नावातही दोन हजारांचा आकडा आहे, त्यामुळे ते चालेल असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात २२००जी ची रचना पहिल्या झेन आराखड्याची आहे आणि तो यादीत नाही. त्याच एएम४ सॉकेटमध्ये बसणारा, झेन प्लस आराखड्याचा रायझन ३ ३२००जी मात्र यादीत आहे. म्हणजे तेथे मदरबोर्ड न बदलता केवळ प्रोसेसर बदलून भागेल.

इंटेलच्या बाबतीत ही सवलत मिळत नाही. आय३-७१०० आणि आय३-८१०० हे दोन्ही प्रोसेसर एलजीए ११५१ याच नावाच्या सॉकेटचे, दिसायला सारखे, पण आठव्या पिढीसाठी ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. एच११० बोर्डवर ८१०० चढवून चालत नाही. केवळ सॉकेटचे नाव पाहून जुना प्रोसेसर विकत घेण्याचा मोह कोणी करू नये, म्हणून हे येथे स्पष्ट लिहून ठेवतो.

सोमवार, ३० जून २०२५

मंडळापुढे टिपण ठेवले. ठराव पुढीलप्रमाणे झाला. कार्यालयाच्या यंत्राला फक्त डिस्कची मांडणी बदलून आणि एसएसडी (हार्ड डिस्कहून वेगवान साठा) जोडून विंडोज ११ वर न्यावे. देवघेवीच्या यंत्राचा प्रोसेसर बदलावा. अभ्यासिकेच्या दोन्ही यंत्रांत मदरबोर्ड व प्रोसेसर नवे घालून कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड आणि रॅम जुनीच ठेवावी. तालिकेच्या आणि बालविभागाच्या यंत्रांवर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवता येते का ते तपासावे.

दोन पर्यायांवर बराच वेळ चर्चा झाली. पहिला म्हणजे रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदींत) बदल करून किंवा खास तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून तपासणी चुकवणे आणि अमान्य प्रोसेसरवरच विंडोज ११ चढवणे. ते बसते, चालतेही. परंतु अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हमी नाही म्हणून विंडोज १० सोडायचे आणि पुन्हा हमी नसलेल्या स्थितीतच जायचे, यात कोणताही अर्थ नाही. घरच्या संगणकावर एखाद्याने हा प्रयोग करावा. सभासदांची माहिती ज्यावर आहे तेथे तो करू नये, या मतावर मी ठाम राहिलो. बालविभागाच्या कोअर २ ड्युओवर तर तेही शक्य नाही, कारण विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या आज्ञा असाव्याच लागतात. त्या नसतील तर प्रणाली सुरूच होत नाही.

दुसरा पर्याय वाढीव सुरक्षा अपडेट विकत घेण्याचा. संस्थांसाठी त्याचा पहिल्या वर्षाचा दर प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर आहे आणि पुढे दर वर्षी तो दुप्पट होतो. यंत्रात काहीही सुधारणा न होता केवळ मुदत पुढे ढकलण्यासाठी हा खर्च करण्यापेक्षा तोच पैसा एसएसडी आणि रॅमवर घालावा, असे कोषाध्यक्षांनीही म्हटले.

सोमवार, १४ जुलै २०२५

नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागवली. मागणीपत्रात प्रत्येक भागाचे नाव पूर्ण लिहिले होते : रायझन ३ ३२००जी; एच६१० चिपसेटचा, डीडीआर४ रॅम घेणारा मदरबोर्ड; कोअर आय३-१२१००; साटा एसएसडी; आणि जुन्या पट्ट्यांच्या जोडीला चार जीबीच्या डीडीआर४ पट्ट्या. एच६१० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. डीडीआर५ चा बोर्ड आला असता तर हाताशी असलेली सगळी रॅम निरुपयोगी झाली असती, म्हणून तो शब्द ठळक लिहून घेतला.

एका दुकानदाराने दरपत्रकात विंडोजच्या परवान्याचा खर्च धरला होता, इतरांनी धरला नव्हता. ज्याने धरला तोच बरोबर होता. अभ्यासिकेतील यंत्रांबरोबर आलेला ओईएम परवाना जुन्या मदरबोर्डशी बांधलेला आहे. बोर्ड बदलला की तो जातो. उलट देवघेव व कार्यालय येथे बोर्ड तोच राहणार असल्याने विंडोज १० चा डिजिटल परवाना विंडोज ११ ला आपोआप लागू होईल. तुलनात्मक तक्त्यात परवाना वेगळ्या ओळीत दाखवून मगच दर ताडले.

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

आज देवघेवीचे यंत्र घेतले. कामाचा क्रम येथे महत्त्वाचा होता : नवा प्रोसेसर ओळखणारे बायोस आधी, जुन्या प्रोसेसरवर यंत्र चालू असतानाच चढवायला हवे. प्रोसेसर आधी बदलला असता तर पडद्यावर काहीच दिसले नसते आणि बायोस चढवायलाही मार्ग राहिला नसता. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनेप्रमाणे आधी मधली आवृत्ती आणि मग अखेरची, अशा दोन टप्प्यांत ते केले. बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून इन्व्हर्टर पूर्ण भारलेला असल्याची खात्री केली, पंखे आणि प्रिंटर बंद ठेवले आणि दुरुस्तीसाठी वीजपुरवठा बंद राहण्याचा वार आज नाही हेही पाहून घेतले.

त्याआधी सभासद नोंदी आणि देवघेव यांचा बॅकअप दोन वेगवेगळ्या डिस्कवर घेतला आणि त्यांपैकी एकावरून कार्यालयाच्या यंत्रावर नोंदी उघडून पाहिल्या. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही.

एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) वाळून घट्ट झाली असेल तर कूलर सरळ वर ओढताना प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. म्हणून यंत्र काही वेळ चालवून प्रोसेसर गरम होऊ दिला, पेस्ट मऊ झाल्यावर वीज तोडली, चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे सैल केले आणि कूलर डावीउजवीकडे हलक्या हाताने फिरवत सोडवला. तो सुटला तेव्हा प्रोसेसर सॉकेटमध्ये जागच्या जागी होता. जुनी पेस्ट स्पिरिटच्या कापसाने पुसली. नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण सॉकेटवरील त्रिकोणाशी जुळवून ठेवताच तो स्वतःच्या वजनानेच खाली बसला. येथे बोटाने दाब द्यावा लागला तर काहीतरी चुकते आहे असे समजावे.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडद्यावर नवा प्रोसेसर बसवल्याचे आणि एफटीपीएममधील जुनी माहिती जुळत नसल्याचे सांगणारा संदेश आला आणि ती पुसण्यासाठी ‘वाय’ कळ दाबावी की ‘एन’, असे विचारले गेले. या यंत्रावर बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) कधीच चालू नव्हते, हे मी आधी तपासले होते, म्हणून निःशंकपणे ‘वाय’ दाबली. बिटलॉकर चालू असलेल्या यंत्रावर रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारी किल्ली) हाताशी नसताना असे केले तर डिस्कवरील सर्व मजकूर कायमचा कुलूपबंद होतो. पुढे कोणी असे काम करील त्याने या संदेशापाशी थांबून आधी ती खात्री करून घ्यावी.

हार्ड डिस्कवरील पार्टिशन आकुंचित करून त्यांची प्रत एसएसडीवर घेतली आणि जुनी डिस्क मासिक बॅकअपसाठी राखून ठेवली. या प्रोसेसरमधील ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच वाटा घेते, त्यामुळे चार जीबीत प्रत्यक्ष कामाला त्याहून कमी रॅम उरत असे. आता दोन पट्ट्या मिळून आठ जीबी झाली आहे. सिक्युअर बूट चालू केले. सायंकाळी तपासणी साधनाने सर्व अटींपुढे हिरवी खूण दाखवली आणि विंडोज ११ चे अपग्रेड सुरू केले.

मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

सकाळच्या वेळेत देवघेव सुरळीत झाली. बारकोड वाचक, पावतीचा प्रिंटर आणि सभासदपत्रांसाठीचा कॅमेरा तिन्ही चालले. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “सर, पूर्वी सभासदाचं नाव टाकलं की पुस्तक हातात घेऊन उभं राहावं लागायचं. आता नाव टाकेपर्यंतच खातं उघडतं.” यातील मोठा वाटा नव्या प्रोसेसरचा नसून एसएसडीचा आहे, हे मी त्यांना सांगितले. २२००जी आणि ३२००जी या दोन्हींत चारच कोअर आहेत आणि वेगातील फरक थोडा आहे. प्रोसेसर बदलला तो यादीसाठी; काम सुखाचे झाले ते एसएसडीमुळे आणि रॅममुळे.

सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

कार्यालयाच्या यंत्राचे सर्व भाग मान्य, तरी सर्वांत जास्त वेळ याच यंत्राने घेतला. विंडोज १० त्यावर जुन्या पद्धतीने, म्हणजे एमबीआर मांडणीच्या डिस्कवर आणि लेगसी बूटमध्ये बसवलेले होते. सिक्युअर बूटसाठी डिस्क जीपीटी मांडणीची लागते. विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्क न पुसता ही मांडणी बदलता येते, पण त्याने पहिल्याच पडताळणीत नकार दिला.

कारण शोधायला डिस्क मॅनेजमेंट उघडले. आपल्याकडे संगणक जुळवून देताना डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडून देण्याची रीत आहे. येथे सिस्टिम रिझर्व्हड, सी आणि डी हे तीन प्राथमिक भाग होते आणि ई हा विस्तारित पार्टिशनच्या आतला लॉजिकल भाग होता. एमबीआर२जीपीटी तीनपेक्षा जास्त प्राथमिक भाग घेत नाही आणि विस्तारित किंवा लॉजिकल भाग तर मुळीच घेत नाही. ई वर गेल्या अनेक वर्षांतील वार्षिक सभांची इतिवृत्ते, लेखापरीक्षण अहवाल आणि कार्यक्रमांची छायाचित्रे होती. ती सर्व बाहेरील डिस्कवर उतरवली, फायलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे ताडून पाहिले, काही इतिवृत्ते उघडून वाचली आणि त्यानंतरच ई व तो ज्यात होता तो विस्तारित भाग काढून टाकला. पुन्हा पडताळणी केली, ती यशस्वी झाली. मग रूपांतर केले, बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करून यूईएफआय निवडले, सिक्युअर बूट चालू केले आणि यंत्र नव्या मांडणीवर सुरू झाले. हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि त्याची माहिती डी वर जशीच्या तशी होती. लिपिकांनी मागील महिन्याची शिल्लक रोजकीर्दीशी जुळवून दाखवल्यावरच पुढचे अपग्रेड केले.

सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

परवा गणेश चतुर्थी असल्याने अभ्यासिका आजपासून बंद आहे. दोन्ही यंत्रे एकदमच घेतली. जुन्या एसएमपीएसला (यंत्राला वीज पुरवणाऱ्या भागाला) प्रोसेसरसाठी चार पिनांचीच जोडणी होती आणि नव्या बोर्डवर आठ पिनांचा सॉकेट आहे, म्हणून एसएमपीएस नवे घेतले. बोर्ड, आय३-१२१००, जुनी व नवी रॅम, एसएसडी आणि विंडोज ११ ची कोरी स्थापना, असे सगळे काम विनाअडथळा झाले. कोऱ्या स्थापनेत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास २४एच२ आवृत्ती डिस्क आपोआप कूटबद्ध करू शकते. दोन्ही यंत्रांच्या रिकव्हरी की छापून, मोहोरबंद पाकिटात घालून कार्यवाहांच्या कपाटात ठेवल्या.

काढलेल्या एच११० बोर्डांपैकी एक, त्याच्या प्रोसेसर आणि एसएमपीएससह, बालविभागाच्या कॅबिनेटमध्ये बसवायचे ठरले. दुसरा संच त्याच यंत्रासाठी राखीव राहील.

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

तालिकेच्या यंत्रावर ३२ बिट विंडोज का ठेवली होती, याचे उत्तर त्यावरील जुन्या तालिका प्रोग्रॅममध्ये आहे. नव्वदच्या दशकात फॉक्सप्रोमध्ये लिहून घेतलेला, डॉसवर चालणारा हा प्रोग्रॅम आजही जुन्या ग्रंथांच्या नोंदींचा एकमेव संपूर्ण आधार आहे. त्यात ग्रंथनामे रोमन लिपीत आहेत. डॉसचे आणि १६ बिटचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय ३२ बिट विंडोजमध्ये होती. ६४ बिट विंडोजमध्ये ती नाही आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. म्हणजे हार्डवेअर कितीही नवे आणले तरी हा प्रोग्रॅम त्यावर थेट चालणार नव्हता. संगणक बदलण्याच्या चर्चेत हा मुद्दा कोणाच्याच ध्यानात आला नव्हता आणि सगळे एकदम नवे घेतले असते तर जुनी यंत्रे गेल्यावर तो कळला असता.

उपाय दोन पातळ्यांवर केला. नोंदींच्या डीबीएफ (फॉक्सप्रोच्या) फायली लिबरऑफिस कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये उघडतात. त्या तेथून सीएसव्ही या साध्या मजकुराच्या स्वरूपात उतरवल्या आणि ग्रंथपाल बाईंनी दाखल नोंदवहीतील पाने मधूनमधून निवडून क्रमांक, लेखक व किंमत ताडून पाहिली. मूळ प्रोग्रॅमही जसाच्या तसा डॉसबॉक्समध्ये (नव्या यंत्रावर डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालवून दाखवला, कारण त्यातील काही जुने अहवाल अजून लागतात. रोमन ग्रंथनामे देवनागरीत आणणे हे मोठे आणि स्वतंत्र काम आहे. त्यासाठी मंडळाला वेगळे टिपण देणार आहे.

हे झाल्यावर आय३-३२२० च्या यंत्रात एसएसडी घालून लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती बसवली. या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. तालिका शोधण्यापुरते काम असलेल्या यंत्राला तेवढे पुष्कळ आहे.

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

आज दोन किरकोळ वाटणाऱ्या पण वाचकांना रोज भेडसावणाऱ्या गोष्टी पाहिल्या.

पहिली गोष्ट फॉन्टची. अभ्यासिकेच्या यंत्रावर एका विद्यार्थ्याने मंगल फॉन्टमध्ये लिहिलेला अर्ज उघडला, तर अक्षरे वेगळ्या वळणाची दिसली आणि पानाचा शेवट सरकून सही दुसऱ्या पानावर गेली. विंडोज १० पासूनच मंगल, कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्ट मूळ संचात नसून देवनागरी पूरक फॉन्ट या ऐच्छिक भागात असतात. अपग्रेड केलेल्या यंत्रांवर ते जुन्यातून आले, कोऱ्या स्थापनेत आले नाहीत. सेटिंग्जमधून तो भाग जोडल्यावर अर्ज पूर्ववत एका पानात बसला.

लिनक्सच्या यंत्रावर इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण) कीबोर्ड लावून ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द मुद्दाम टंकून पाहिले, कारण शिफ्टसह ‘J’ ही कळ दाबल्यावर येणारा ऱ आणि त्याचा अर्धा आकार नीट आला नाही तर मराठी वाचकाच्या दृष्टीने ते यंत्र अपुरेच आहे. आकार बरोबर उमटला आणि शोधातही सापडला.

दुसरी गोष्ट स्कॅनरची. दुर्मीळ ग्रंथांच्या मुखपृष्ठांसाठी आपण वापरतो तो जुना स्कॅनर केवळ ३२ बिट ड्रायव्हरवर चालत असे आणि ६४ बिट विंडोज तो ड्रायव्हर स्वीकारत नाही. स्कॅनर मोडीत जाणार असे दिसत होते. तालिकेच्या यंत्राला जोडून पाहिला तेव्हा लिनक्समधील सेन या यंत्रणेने तो ओळखला आणि स्वच्छ प्रतिमा दिली. आता स्कॅनिंगचे टेबल तालिकेच्या खोलीत हलवले आहे.

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

बालविभागाचे यंत्र एच११० बोर्ड, आय३-७१००, चार जीबीची एक पट्टी आणि लिनक्स मिंट अशा रूपात सुरू झाले. विंडोज ११ ला जो प्रोसेसर चालला नाही तो मुलांच्या चित्रकलेला, शब्दकोड्यांना आणि गोष्टींच्या ध्वनिमुद्रणांना उत्तम चालतो आहे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

विंडोज १० ची मुदत आज संपली. सर्व यंत्रे पुन्हा तपासली : वाचनालयात त्या प्रणालीवर चालणारे एकही यंत्र जोडलेले नाही. उद्या वाचन प्रेरणा दिनानिमित्त शाळांची मुले येणार असल्याने आज कोणतेही अपडेट चालवले नाही. ते दिवाळीनंतर करावे.

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

कोअर २ ड्युओचा संच, वापरात न येणारी डीडीआर२ रॅम आणि बंद पडलेला एक एसएमपीएस यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव मंडळाने मंजूर केला. त्या यंत्राच्या हार्ड डिस्कवर काही जुनी सभासदपत्रे होती, म्हणून ती डिस्क पूर्ण पुसून, पुसल्याची नोंद करून मगच इतर सामानात ठेवली. सामान भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे द्यायचे आणि त्याची पावती जडवस्तू नोंदवहीला जोडायची आहे.

पुढील कामासाठी तीन सूचना लिहून ठेवतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीची होम व प्रो संचांसाठीची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, म्हणून त्याआधी उन्हाळ्याच्या सुट्टीत चारही विंडोज यंत्रे पुढील आवृत्तीवर न्यावीत. देवघेवीच्या यंत्राचे बायोस यापुढे कारणाशिवाय बदलू नये. राखीव एच११० संच अँटिस्टॅटिक पिशवीत, कार्यालयाच्या खालच्या खणात ठेवला आहे. त्याच्या सॉकेटवरील प्लास्टिकचे झाकण काढू नये, कारण एलजीए सॉकेटच्या पिना बोर्डवर असतात आणि एकदा वाकल्या की सरळ करणे फार कठीण असते.